शेजारची चूलही विझते तेव्हा

मुंबई सरकारने १८८० साली खानदेश जिल्ह्याचं गॅझेटियर प्रसिद्ध केलं. तेव्हा जळगाव आणि धुळे असे वेगळे जिल्हे नव्हते. पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश ही वाटणी झाली ती १९०६ साली. सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्यांना आलेल्या महापुराची हकिकत त्या काळच्या सरकारी दफ्तरात सापडते. धुळे शहरात घरांचं आणि मालमत्तेचं फार नुकसान झालं, असं त्यात नोंदलेलं आहे. लिहिणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं. पण पूर ओसरल्यावर पांझरेकाठच्या माणसांनी रात्री कशा काढल्या, पुढच्या पावसाळ्यात पहिली सर आली तेव्हा त्यांच्या काळजाचं काय झालं, हे त्यात शोधूनही सापडत नाही. दफ्तराला तो रकाना नव्हता.

मी काही इतिहासकार नाही. कवितेच्या नादाने जुने कागद आणि जुनी माणसं या दोहोंकडे बसायची सवय लागली, एवढंच. या बसण्यातून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. निसर्गाने एवढाले घाव घातले, तरी आपली माणसं पुन्हा उभी कशी राहिली? घरं उभी राहिली हे दिसतं. मनं कशी उभी राहिली?

याचं उत्तर शोधायचं तर आधी आपल्याकडच्या साध्या मरणाकडे पाहावं लागतं. खानदेशातल्या खेड्यात एखाद्या घरी माणूस गेला की त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. बायका येऊन गळ्यात पडतात, पुरुष ओट्यावर नुसते बसून राहतात. मग दशक्रिया, उत्तरकार्य आणि गंधमुक्ती. आपल्याकडच्या शोकपत्रिकेत हा शब्द हमखास असतो. दुःखातल्या घराच्या कपाळाला पुन्हा गंध लागलं, आता कामाला लागा, असं समाजाने सांगायचा तो दिवस. पुढे अक्षय्य तृतीया, म्हणजे आपली आखाजी आली की गेलेल्याच्या नावाने पाण्याची घागर भरतात. लेकी माहेरी आलेल्या असतात. एकीकडे झोके आणि गाणी, दुसरीकडे त्याच घरात पितरांची घागर.

आमच्याकडेही वेगळं काय आहे? मयतीच्या घरी तीन दिवस नातेवाइकांकडून आणि मोहल्ल्यातून जेवण येतं. लोक पुरसा द्यायला येतात. पुरसा देणं म्हणजे दुःखाची विचारपूस करणं. तिसऱ्या दिवशी जियारत, चाळिसाव्या दिवशी चहलम, आणि शबे-बरातच्या रात्री कब्रस्तानात जाऊन आपल्या माणसांसाठी दुआ. नावं निराळी, पण बांधणी तीच. दुःखाला ठरलेले दिवस दिलेले आहेत आणि त्या दिवशी दारात माणसं येतील याची सोय केलेली आहे. घरातल्या माणसाला काही सुचत नाही, म्हणून सुचण्याचं काम शेजाऱ्याने करायचं.

आता आपत्ती म्हणजे काय ते पाहा. भूकंपात, महापुरात माणसं जास्त मरतात हा एक फरक झाला. पण त्याहून मोठा फरक असा की त्या दिवशी शेजारची चूलही विझलेली असते. जिने पिठलं-भाकरी आणायची, तिचंच घर वाहून गेलेलं असतं. ज्याने खांदा द्यायचा, तोच आपल्या माणसाला ढिगाऱ्यात शोधत असतो. पुरसा द्यायचा कोणी आणि कोणाला? पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली सांत्वनाची व्यवस्था ऐन गरजेच्या वेळी कोसळते. आपत्तीनंतरच्या दुःखाचं खरं स्वरूप मला इथे दिसतं.

खानदेशाने हे अनेकदा पाहिलं. १८९६ पासून १९०० पर्यंत एकामागून एक दुष्काळ पडले. त्यातला शेवटचा संवत १९५६ मधला, म्हणून लोकांनी त्याला छप्पनचा दुष्काळ म्हटलं. त्याच सुमारास प्लेग आला. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली, तिला मराठी मुलखाने मानमोडी असं नाव दिलं. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच काळातल्या. जन्म १८८० चा, म्हणजे दुष्काळ आणि प्लेगची वर्षं त्यांनी ऐन उमेदीत काढली. प्लेगमुळे त्यांच्या मुलाला कायमचं अपंगत्व आलं. तिशीत वैधव्य आलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर बसल्या, शेतात राबल्या आणि राबताना बोलत गेल्या. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने ते शब्द टिपून ठेवले. आचार्य अत्र्यांनी ते पाहिले आणि बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ साली, ती गाणी पुस्तकरूपाने लोकांसमोर आली. आपण त्यांना कवयित्री म्हणतो ते योग्यच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जातं ही बाईची बोलायची जागा होती. समोर दुसरी बाई खुंट्याला हात लावून बसलेली असे. हात कामात, नजर पिठाकडे, त्यामुळे डोळ्याला डोळा न भिडवता मनातलं सांगता येत असे. आज समुपदेशक ज्याला मन मोकळं करणं म्हणतात, त्याची पहाटेची जागा घराघरात होती.

१९७२ च्या दुष्काळात जात्याची ही जागा खडीच्या ढिगाने घेतली. त्या वेळी मी दोन वर्षांचा होतो, म्हणून ही हकिकत माझी नाही, अम्मीची आहे. आम्ही पारोळा तालुक्यातले. कापसाच्या शेतातली मजुरी बंद झाली आणि अम्मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मुलांना कामावर सुकडी मिळे, रेशनला तांबडी मिलो ज्वारी मिळे. मला लुगड्याच्या झोळीत बाभळीखाली टांगलेलं असे. अम्मी सांगायची, की सुरुवातीचे दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हतं. जमीनदाराची सून आणि तिची मजूरणी एकाच ढिगाशी बसलेल्या, दोघींनाही लाज वाटत होती. मग एके दिवशी कोणाच्या तरी बैलाची गोष्ट निघाली, चाऱ्यावाचून गेलेल्या बैलाची, आणि सगळ्या बायका हातोडी खाली ठेवून रडल्या. त्या दिवसापासून कामावर बोलणं सुरू झालं. अम्मीच्या शब्दांत, पोटाला मिलोने धरलं आणि जिवाला बायकांनी.

१९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर होती. रस्ते झाले, पाझर तलाव झाले, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना पुढे कायद्यात उतरली. अर्थशास्त्राचे अभ्यासक तिच्याबद्दल पुष्कळ लिहितात. त्या कामांनी माणसाला घराबाहेर काढून दुसऱ्या दुखावलेल्या माणसाशेजारी बसवलं, त्याच्या हाताला काम आणि दिवसाला आकार दिला, हे मात्र कमी लिहिलं जातं. एकटं घरात बसून छताकडे पाहणारं मन लवकर खचतं. काम हेच औषध, असं मी म्हणणार नाही, कारण उपाशीपोटी उन्हात खडी फोडणं ही काही चैन नव्हती. पण सोबतीचं काम आणि एकटेपणाची मदत यांत फरक असतो, एवढं खरं.

आता खानदेशाच्या बाहेर जाऊ, कारण महाराष्ट्राने आपत्तीनंतरच्या मनाकडे नीट पाहिलं ते किल्लारीला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. आपल्या धाब्याच्या घरांची जवळची बहीणच म्हणायची. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. आठ-दहा हजार माणसं गेली. त्यात पाऊस. सामूहिक चिता पेटवाव्या लागल्या. कोण कोणाचं, याची ओळख पटवायलाही उसंत नव्हती. ज्यांना आपल्या माणसाचं तोंड पाहता आलं नाही, त्यांचा दहावा कोणता आणि तेरावा कोणता?

मदत मोठी आली. देशभरातून धान्य, कपडे, पैसा आला, जागतिक बँकेच्या साहाय्याने घरं बांधली गेली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं. आणि या वेळी मनाचीही मोजणी झाली. मानसोपचारतज्ज्ञांची पथकं गावांत गेली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा जो अभ्यास हाती घेतला, त्यात डॉ. मोहन आगाशे प्रमुख होते. आपण त्यांना ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस म्हणून ओळखतो, पण ते मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. भूकंपानंतर झालेल्या एका दुसऱ्या तपासणीत, ज्यांना तपासलं त्यांतल्या निम्म्याहून अधिक माणसांमध्ये नैराश्य किंवा आघातानंतरचा मानसिक त्रास आढळला. झोप न लागणं, जराशा आवाजाने दचकून उठणं, तोच क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणं, ‘मीच का वाचलो’ ही टोचणी लागणं. हे वेड नव्हे आणि दुबळेपणाही नव्हे, हे तेव्हा प्रथमच महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत बोललं गेलं.

पण किल्लारीतून आणखी एक धडा मिळाला. पूर्ण पडलेली ५२ गावं नव्या जागी हलवली. काही वर्षांनी एका कविसंमेलनाच्या निमित्ताने लातूरला गेलो, तेव्हा ती नवी वसाहत पाहिली. रुंद सरळ रस्ते, आखीव ओळीत सुटी सुटी घरं. भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित, यात शंका नाही. पण जुन्या गावात वाडा, गल्ली, ओटा होता. भाऊबंद एका बोळात राहत. संध्याकाळी ओट्यावर बसलं की चार माणसं आपोआप जमत. नव्या आखणीत तो ओटा हरवला, ती भाऊबंदी लांब लांब विखुरली. अनेक अभ्यासकांनी पुढे हेच लिहून ठेवलं. घर परत मिळालं, शेजार परत मिळायला फार वर्षं लागली.

यातूनच किल्लारीच्या बायकांनी एक वाट काढली. घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यामागे होती. नाव किती नेमकं आहे पाहा, संवादाला साहाय्य करणारी. सिमेंट किती, सळई कुठे लावायची, हप्ता कधी मिळणार हे समजावून सांगायला त्या दारोदार जात. मला वाटतं, घराची चौकशी करता करता माणसाची चौकशी होतच असणार. हप्त्याचं बोलून झाल्यावर लगेच उठून जाणारी बाई आपल्या मुलखात जन्माला यायची आहे. पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या, त्सुनामीनंतर तामिळनाडूतही गेल्या. भाषा येत नव्हती. पण आम्हीही यातून गेलो आहोत, हे सांगायला भाषा किती लागते? शेजारची चूल विझली असेल तर पुढच्या गावाने भाकरी आणायची, हा जुनाच रिवाज त्यांनी हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत ताणला.

हा रिवाज माझ्या घरानेही अनुभवला, म्हणून तेवढं सांगतो. सुरत आणि खानदेश यांचं नातं तुम्हाला माहीत आहे. आपल्या पोटासाठी निघालेल्या माणसांनी तिथले कारखाने आणि माग चालवले. तापी आपल्या हतनूरवरून, प्रकाशावरून जाते आणि उकाईच्या धरणात साठून सुरतेला समुद्राला मिळते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि सुरतचा बहुतेक भाग बुडाला. माझी आपा तेव्हा रांदेरला, तापीच्या काठालाच राहत होती. चार दिवस ती मुलांना घेऊन वरच्या मजल्यावर होती. पाणी ओसरलं, सगळे वाचले असं वाटलं. मग चिखलाच्या त्या दिवसांत तापाची लागण झाली आणि तिची सहा वर्षांची धाकटी मुलगी गेली. दफनाला मोजकी माणसं. गल्लीतल्या प्रत्येक घरात कंबरभर गाळ, प्रत्येकाला आपलं पडलेलं. पुरसा द्यायला कोणी आलं नाही, येणारं कोणी उरलंच नव्हतं.

गाड्या सुरू झाल्यावर मी अमळनेरहून पॅसेंजरने गेलो. डबा खानदेशी माणसांनी आणि भाकरीच्या गाठोड्यांनी भरलेला होता. जो तो आपल्या माणसाकडे निघालेला. मी पोहोचलो तेव्हा आपा बोलत नव्हती आणि रडतही नव्हती. गाळ उपसत होती, उपसलेली फरशी पुन्हा पुसत होती. मी कवी असून मला तिला सांगायला एक शब्द सुचला नाही. दोन दिवसांनी तिच्या गल्लीतली एक शिरपूरकडची बाई गावाहून परतली. घरात आली, भाकरी आणि ठेचा खाली ठेवला, आपाच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि अहिराणीत म्हणाली, “रडी ले वं माय, जीव हलका व्हई.” आपा तिच्या मांडीवर डोकं ठेवून दुपारभर रडली. त्या बाईने पुढे काही सांगितलं नाही. देवाची मर्जी असंही म्हणाली नाही आणि दुसरी मुलगी तरी वाचली असंही म्हणाली नाही. पुढच्या आखाजीला तिने आपल्या घरच्या घागरीशेजारी एक लहान घागर आमच्या मुलीच्या नावाने भरली. आमच्या धर्मात हा विधी नाही. आपाने त्या घागरीला हात लावून दुआ मागितली. त्यानंतर गल्लीत कुठे मयत झाली की या दोघी मिळून जात.

रडण्याविषयी आणखी एक. आपल्याकडे पुरुषाने रडायचं नाही असा दंडक आहे. आपत्तीनंतर बायका कशाबशा बोलत्या होतात, पुरुष गप्प राहतात, आणि मग ते दुःख कधी दारूत, कधी संतापात, कधी विहिरीच्या काठावर उतरतं. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींना लोकांनी रडवे म्हणून हिणवलं. पण १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिकं बुडाली तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून गावोगाव सभा घेणारे, कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेणारे तेच होते. ज्याचे डोळे भरून येतात त्याचे पाय चालायचे थांबत नाहीत, याचा याहून चांगला दाखला खानदेशात दुसरा नाही.

करोनाच्या दोन वर्षांत आपल्याला या सगळ्याची किंमत कळली. २०२० आणि २०२१ मध्ये घरात माणूस गेला आणि दारात कोणी येऊ शकलं नाही. खांदा नाही, गळाभेट नाही, पुरसा फोनवर. चूल शेजारी पेटलेली होती, पण उंबरा ओलांडता येत नव्हता. त्या वेळचं अडकलेलं रडं अजून पुष्कळ घरांत आहे. ते जुनं झालं असं समजू नये. उशिरा गेलेला पुरसाही पोहोचतो.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, ज्या गावावर आपत्ती येते त्या गावाकडून धीराची अपेक्षा करू नये. धीर पुढच्या गावाने न्यायचा असतो. कपड्यांची गाठोडी पाठवावीत, पण त्यांच्याबरोबर चार अशी माणसं पाठवावीत की ज्यांना घाई नाही. दुसरी गोष्ट, दुःखी माणसाला उपदेश करू नये. त्याला तेच तेच पुन्हा सांगावंसं वाटलं तर पुन्हा ऐकावं, आणि सांगायचं नसेल तर खोदून विचारू नये. मुलांना शाळा, खेळ आणि ठरलेला दिनक्रम लवकरात लवकर परत द्यावा. नवं गाव वसवताना शेजार मोडू नये. आणि महिने उलटूनही झोप नाही, जेवण नाही, जगणं नकोसं झालं अशी बोली कानावर आली, तर ते डॉक्टरचं काम आहे, हे ओळखावं. शेजाऱ्याची मांडी आणि डॉक्टरचं औषध यांत भांडण नाही. आता टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीतूनही बोलता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

शेवटची गोष्ट तारखेची. किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी ३० सप्टेंबरला लोक जमतात, पोलिसांची मानवंदना होते. वर्षातून एकदा साऱ्या गावाने मिळून आठवण काढायची, म्हणजे उरलेले दिवस जगायला मोकळे होतात. धुळ्याच्या १८७२ च्या पुराला असा दिवस लाभला नाही. ज्यांची माणसं तेव्हा गेली असतील त्यांचे पणतू-खापरपणतू आज पांझरेच्या पुलावरून जातात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. आपल्या आसपास गेल्या काही वर्षांत ज्यांच्या घरावर पूर, वीज, गारपीट, साथ यांपैकी काही कोसळलं असेल, त्यांची एक तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात सगळेच जातात. तुम्ही वर्षाने जा. भाकरी न्या, नाही नेली तरी चालेल, पण ओट्यावर बसा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)